सगळं खालीच का पडतं? लेकरांच्या प्रश्नाला घरातलंच उत्तर



लेकरू चार-पाच वर्षांचं झालं की त्याचे प्रश्न सुरू होतात. "आई, चेंडू वर फेकला तरी खालीच का येतो?" हा त्यातला ठरलेला प्रश्न. कामाच्या गडबडीत आपण म्हणतो, "पडतो म्हणजे पडतो. मला काय विचारतोस, शाळेत बाईंना विचार." मुलगी असली तर "फार प्रश्न विचारू नये" असंही ऐकवलं जातं. दोन-चार वेळा असं झालं की लेकरू विचारायचंच सोडतं. खरं तर याचं उत्तर आपल्या घरात आणि शेतातच आहे. आपली शाळा किती झाली, याचा त्यात काही संबंध नाही.

साधं उत्तर

पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. या ओढीला गुरुत्वाकर्षण म्हणतात. ही लोहचुंबकाची ओढ नव्हे. लोहचुंबक लोखंडाला ओढतो, लाकडाला नाही. पृथ्वी मात्र लाकूड, पाणी, दगड, माणूस, सगळ्यांनाच ओढते. म्हणून चेंडू खाली येतो, हंडा कलला की पाणी खाली सांडतं.

पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते, हे भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' ग्रंथात लिहून ठेवलं. पुढे १६८७ साली इंग्लंडच्या न्यूटननं या ओढीचा हिशेब मांडला आणि चंद्रालाही हीच ओढ फिरवते हे दाखवलं.

खाली म्हणजे कुठे?

पृथ्वी गोल आहे म्हटलं की पोरं विचारतात, "मग पलीकडची माणसं पडत कशी नाहीत?" एक बटाटा घ्या. त्यात चारी बाजूंनी आगपेटीच्या काड्या टोचा, गुल बाहेर ठेवा. गुल म्हणजे माणसाचं डोकं, दुसरं टोक म्हणजे पाय. बटाटा कसाही फिरवा, प्रत्येक काडीचे पाय बटाट्याकडेच. 'खाली' म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. त्यामुळे जो तो आपापल्या जागी सरळच उभा असतो.

जड वस्तू लवकर पडते का?

बहुतेकांना तसंच वाटतं. एका हातात खडा आणि दुसऱ्या हातात वहीचा सुटा कागद धरून एकदम सोडा. खडा आधी पडेल. आता तोच कागद चुरगळून घट्ट गोळा करा आणि पुन्हा सोडा. दोन्ही जवळजवळ एकदमच पडतील. कागदाचं वजन तेवढंच राहिलं, मग फरक कशानं पडला? पसरलेल्या कागदाला हवा अडवत होती.

हे आपल्याला उफणताना रोज दिसतं. दाणा पायाशी पडतो, भुसा वाऱ्यावर लांब जातो. पृथ्वी भुशालाही ओढतेच, पण तो हलका आणि पसरट, म्हणून हवेपुढे त्याचं चालत नाही.

जड वस्तूला पृथ्वी जास्त जोरानं ओढते हे खरं. पण भरलेली बैलगाडी हलवायला जोरही जास्तच लागतो. म्हणून हवा आडवी आली नाही तर जड-हलकं बरोबरीनंच पडतं. १९७१ साली चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरानं हातोडी आणि पीस एकदम सोडून हे दाखवलं. तिथं हवा नाही, दोन्ही बरोबरच पडली.

मग चंद्र का पडत नाही?

पाखरं हाकायची गोफण आठवा. दोरीनं धरलं आहे तोवर दगड गरगर फिरतो, दोरी सुटली की लांब निघून जातो. चंद्रालाही पुढे निघून जायचा वेग आहे, पण पृथ्वीची ओढ दोरीसारखी त्याला धरून ठेवते. म्हणून तो पळूनही जात नाही आणि अंगावरही पडत नाही. पोरांना दाखवायचं तर दगड नको, दोरीला कापडाचा चेंडू बांधा.

हे मात्र सांगितलंच पाहिजे

पडणारी वस्तू एकाच वेगानं पडत नाही. खाली येता येता तिचा वेग वाढतच जातो. ओट्यावरून उडी मारली तर काही होत नाही, म्हणून पोरांना गच्चीचंही भय वाटत नाही. दहा फुटांच्या स्लॅबवरून पडायला एक सेकंदही लागत नाही, आणि आदळताना वेग असतो ताशी सुमारे २८ किलोमीटर, म्हणजे गावातून चाललेल्या मोटारसायकलचा. धावत जाऊन झेलायला वेळच मिळत नाही. म्हणून कठडा नसलेल्या गच्चीवर पतंग नको, विहिरीच्या काठावरून वाकणं नको. आपणही पाळण्याच्या वरच्या फळीवर जड डबा ठेवू नये. नुसतं "जाऊ नको" म्हणण्यापेक्षा कारण सांगितलं तर पोरं लवकर ऐकतात.

पुढच्या बैठकीत बचत आणि हप्त्यांचं काम उरकलं की दहा मिनिटं काढा. बटाटा, काड्या, खडा आणि कागद एवढंच लागतं. बरोबर आलेल्या लेकरांना करू द्या. त्यांनी असं काही विचारलं की ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही, तर "चल, करून बघू" म्हणा. शाळेतल्या बाईंनाही विचारा, पण लेकराला एकटं न धाडता बरोबर जाऊन.