शहरातील वृक्षारोपण व आपला धुरा

पावसाळा लागला, की मोठमोठ्या शहरांतील कंपन्यांचा नोकरवर्ग सुटीच्या दिवशी कुदळ-फावडे घेऊन एखाद्या उद्यानात झाडे लावावयास जातो, हे आमच्या वाचकांनी ऐकले असेलच. या कामास कायद्याचेही पाठबळ आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये, ज्या कंपनीस वर्षास ५ कोटी रुपये वा अधिक निव्वळ नफा होतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा शेकडा २ भाग लोकोपयोगी कामी लावावयाचा असतो. पर्यावरणरक्षण हे त्यांपैकीच एक होय.

पुण्यास वारजे येथील वनखात्याच्या उजाड जमिनीवर कंपन्या, संस्था व नागरिक यांच्या साह्याने २०१५ च्या सुमारास देशी झाडे लावण्यास आरंभ झाला. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने २०० नगरवनांची योजना जाहीर केली, तेव्हा वारज्याचाच नमुना पुढे ठेवला.

रोप लावणे हे एका दिवसाचे काम. ते जगविणे तीन उन्हाळ्यांचे. पाणी, निंदणी व गुरांपासून राखण यांची तजवीज नसेल, तर श्रमदान व्यर्थ होय. गिरिपुष्पासारखे मेक्सिकोकडील झाड लवकर हिरवे दिसते खरे, परंतु येथील पाखरांस त्याचा फारसा उपयोग नाही.

आपल्या बाभुळगावाच्या नावातच बाभूळ आहे. तिची एक जात रामकाठी. हिचा विस्तार अरुंद असल्याने धुऱ्यावर लावली तरी पिकावर सावली थोडी पडते. शेंगा शेळ्यांस चारा होतात, लाकूड अवजारांस येते व मुळांवरील गाठी जमिनीस नत्र देतात. बियांवर उकळते पाणी ओतून ते निवू द्यावे, त्यातच एक दिवस बी भिजू द्यावे आणि मृगाच्या पावसावर जागच्या जागी टोबावे. म्हणजे सोटमूळ न दुखावता खोल जाते. वेडी बाभूळ मात्र परदेशी. तिचे बी घेऊ नये.

उद्या एखादी कंपनी गावच्या ई-वर्ग जमिनीवर झाडे लावू म्हणेल, तर तिचे स्वागत करावे. परंतु कोणती झाडे लावणार, तीन वर्षे पाणी कोण घालणार व राखणदाराची मजुरी कोण देणार, हे ग्रामपंचायतीने आधी लिहून घ्यावे. तसे न केल्यास खड्डे तेवढे आपल्या पदरी उरतील.