पॉलिमर क्ले : नाव मातीचे, गुण प्लास्टिकचे

कानातले झुमके, राख्या, महालक्ष्म्यांच्या आराशीतली फुले, फ्रिजवर चिकटवायचे पुरणपोळीचे इवलेसे ताट... अशा कितीतरी वस्तू आता घरीच पॉलिमर क्लेपासून तयार होतात. क्ले ऑनलाइन मागवता येते, कृती मोबाइलवर पाहता येते. त्यामुळे बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावातही हा छंद करता येतो आणि त्यातून चार पैसेही मिळतात. तो जरूर करावा. फक्त आपण हातात घेतो ती माती नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

क्ले म्हणजे माती असली तरी पॉलिमर क्लेमध्ये माती जवळजवळ नसतेच. ती पीव्हीसी, म्हणजे पाण्याचे पाइप ज्यापासून बनतात त्या प्लास्टिकची पूड असते. ती मळता यावी म्हणून तिच्यात प्लॅस्टिसायझर हे तेलासारखे द्रव्य आणि रंग मिसळतात. मडके कुंभाराच्या भट्टीत साधारण ७०० ते ९०० अंशांवर भाजले जाते आणि आच कमी पडली तर कच्चे राहते. पॉलिमर क्लेचे उलट आहे. तिला बहुतेक वेळा ११० ते १३० अंश सेल्सिअस पुरतात. आच वाढवल्याने ती पक्की होत नाही, जळते.

केकचा कुकर इथे चालत नाही

ओव्हन नसला की कुकरमध्ये मीठ किंवा वाळू घालून, शिट्टी काढून केक करण्याची युक्ती आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तीच युक्ती क्लेसाठी वापरण्याचा मोह होतो. पण केकला साधारण १८० अंश लागतात. म्हणजे केक जिथे छान फुगतो, तिथे क्ले करपू लागते. कुकरात तापमान कळत नाही आणि तळाशी ते आणखी जास्त असते. तवा आणि गॅसची ज्योतही याच कारणाने नको. मायक्रोवेव्हमध्ये तर क्ले अजिबात ठेवू नये.

पीव्हीसी करपली की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. डोळे, नाक, घसा यांच्या ओलाव्यात तो विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. त्यामुळे डोळ्यांची आग होते, घसा जळजळतो, खोकल्याची उबळ येते. दम्याच्या रुग्णाला थोड्या धुरानेही धाप लागू शकते. स्वयंपाक आणि झोपणे एकाच खोलीत असेल, पाळण्यात बाळ असेल, तर हा धूर सगळ्यांच्याच छातीत जातो.

भाजताना

क्लेच्या वेष्टणावर तापमान आणि वेळ छापलेली असते, तीच पाळावी. फिमोसाठी ११० अंशांवर ३० मिनिटे, तर स्कल्पीसाठी १३० अंशांवर दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटे, असे प्रमाण आहे. छोट्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत बराच फरक असू शकतो. म्हणून आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घ्यावा. आधी ओव्हन तापवून आकडा स्थिर होऊ द्यावा. वस्तू फरशीच्या तुकड्यावर ठेवून वरून अॅल्युमिनियम फॉइलची सैल टोपी करावी. वरच्या तापलेल्या कांड्यांना वस्तू लागू नये. खिडकी उघडी ठेवावी आणि भाजणे संपेपर्यंत जवळून हलू नये. हलका वास येणे स्वाभाविक आहे. वास झोंबू लागला किंवा धूर दिसला, तर काहीतरी बिघडले आहे.

वारंवार काम करणाऱ्यांनी क्लेसाठी वेगळा छोटा ओव्हन ठेवावा. पोळपाट, लाटणे आणि शेवेचा सोऱ्या एकदा क्लेसाठी वापरला की परत पिठाला लावू नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

सजवताना

नेलपॉलिश आणि स्प्रेच्या रंगातील द्रावकांमुळे क्ले पुढे चिकट होऊ शकते. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग चांगले. काही शेंदरात शिशाचे संयुग असते, म्हणून रंगासाठी शेंदूर नको. चमकीची पूड वापरताना मास्क लावावा. घासकाम पाण्यात करावे, म्हणजे धूळ उडत नाही. वरून रेझिन लावणार असाल तर हातमोजे घालावेत. ओले रेझिन त्वचेला लागत राहिले तर कायमची अॅलर्जी जडू शकते.

पूर्वी प्लॅस्टिसायझर म्हणून फ्थॅलेट गटातील रसायने वापरली जात. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांतील काहींचा संप्रेरकांवर परिणाम दिसला. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांत अशा काही रसायनांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. आता नामांकित कंपन्यांची क्ले फ्थॅलेटविरहित मिळते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नाव-गाव नसलेली सुटी क्ले मुलांच्या हाती देऊ नये. लहान मुलांसाठी हवेत वाळणारी क्ले बरी, तिला भाजावे लागत नाही.

वेष्टणावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिले म्हणजे वस्तू खाण्या-पिण्यासाठी चालते असे नाही. या क्लेचे कप, वाट्या, चमचे करू नयेत. दिवाळीच्या पणतीला ज्योतीजवळ क्लेची नक्षीही नको.

फ्रिजवरच्या ताटांबाबत विशेष सांगायचे आहे. ती खऱ्या खाऊसारखी दिसतात आणि मागे लोहचुंबक असते. मुलाने दोन चुंबके गिळली तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून ती एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. सुरुवातीला मूल खेळत असते, फक्त पोट दुखते म्हणते. चुंबक गिळल्याची शंका आली तरी शौचावाटे पडण्याची वाट पाहू नये, लगेच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

धूर झाला तर

बटण बंद करा आणि ओव्हनचे दार लगेच उघडू नका. खिडक्या उघडून मुलांना, वृद्धांना, दम्याच्या रुग्णाला आधी बाहेर न्या. डोळे झोंबत असतील तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे धुवा. हात भाजला तर २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नका. धूर बराच गेला असेल तर फुप्फुसांना सूज काही तासांनीही येऊ शकते, म्हणून त्या रात्री लक्ष ठेवा. धाप लागली, छातीत घरघर सुरू झाली किंवा ओठ निळसर दिसले, तर १०८ ला फोन करा.