पांढऱ्या पट्ट्यांचा डास : डेंग्यू पसरविणारा कीटक कसा ओळखावा?

पोलाद कारखान्यामुळे देशाला परिचित असलेल्या छत्तीसगढमधील भिलाई शहरात २०१८ च्या पावसाळ्यात डेंग्यूची मोठी साथ आली होती. खुर्सीपार, छावणी यांसारख्या दाट वस्त्यांत तापाचे रुग्ण घरोघरी आढळले आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. डेंग्यूवर थेट विषाणू नष्ट करणारे औषध अद्याप प्रचलित नाही. त्यामुळे प्रतिबंधाचा सारा भर डासावरच राहतो, आणि तो कोठे, कसा वाढतो हे ठाऊक नसेल तर धुराची फवारणीही बरीचशी वाया जाते.

सर्व कीटकांप्रमाणे डासाच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग असतात आणि वक्षाला पायांच्या तीन जोड्या असतात. बहुतेक कीटकांना चार पंख असतात. डासाला मात्र दोनच. मागच्या पंखांच्या जागी बारीक गाठीसारखे अवयव असून उडताना ते तोल सांभाळतात. मिशांवरून नर-मादी ओळखता येतात. नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार, तर मादीच्या विरळ केसांच्या असतात. चावते ती फक्त मादी. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. नराचे फुलांच्या रसावर भागते.

डेंग्यूचा मुख्य वाहक म्हणजे ‘एडिस इजिप्ती’ हा डास. त्याचा रंग काळा असून पायांवर पांढरे पट्टे असतात. वक्षाच्या पाठीवर दोन्ही कडांना वाकलेल्या पांढऱ्या रेषा आणि मधोमध दोन बारीक सरळ रेषा दिसतात. त्याच्या ‘एडिस अल्बोपिक्टस’ या भाऊबंदाच्या पाठीवर मधोमध एकच ठळक पांढरी रेषा असते. तोही डेंग्यू पसरवितो. हिवतापाचा ‘ॲनोफिलिस’ डास भिंतीवर शेपटीकडची बाजू उचलून तिरका बसतो, तर एडिस आणि ‘क्युलेक्स’ भिंतीला समांतर बसतात. एडिस दिवसा, विशेषतः सकाळी आणि मावळतीपूर्वी चावतो. रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबणाऱ्यांची येथेच फसगत होते.

पाण्यातील अळ्याही ओळखता येतात. ॲनोफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी तरंगते. एडिस आणि क्युलेक्स यांच्या अळ्या शेपटीकडील श्वसननलिका वर करून, डोके खाली ठेवून लोंबकळतात. एडिसची नलिका आखूड व जाड, क्युलेक्सची लांब व बारीक. चार वेळा कात टाकल्यावर अळीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा कोष होतो. कोष काहीही खात नाही, त्यामुळे अळीच्या पोटात जाऊन तिला मारणारी औषधे त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन केले जाते, त्यामागे हेच गणित आहे.

मात्र या साऱ्या चक्रात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते अंड्याकडे. क्युलेक्सची मादी पाण्यावर अंड्यांचा तराफाच सोडते. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला एकेक अंडे चिकटवते. शिवाय सगळी अंडी एकाच ठिकाणी न घालता ती अनेक भांड्यांत विभागून घालते. ही काळी, सूक्ष्म अंडी कोरड्यात अनेक महिने टिकतात आणि पाण्याची पातळी वर येऊन ती बुडाली की फुटतात. म्हणूनच नुसते पाणी ओतून देण्याने काम अर्धेच होते. भांड्याची आतली बाजू ब्रशने खरवडून घासणे आवश्यक असते.

भिलाईसारख्या कडक उन्हाळ्याच्या शहरात हा धोका कूलरच्या टाकीत अधिक असतो. पाऊस सुरू झाला की कूलर बंद पडतो, पण तळाशी पाणी राहते. टाक्या, हौद, कुंड्यांखालच्या बशा, टाकलेले टायर यांचीही तीच गत. एडिस सहसा फार दूर उडत नाही. तो चावला तर त्याचे जन्मस्थान बहुधा त्याच घरात वा शेजारी असते. गटारावर औषध मारून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, कारण एडिसला तुलनेने स्वच्छ, साठलेले पाणी अधिक पसंत असते.

डास चावला म्हणजे लगेच डेंग्यू होतो, असे नाही. रुग्णाचे रक्त प्यायल्यानंतर विषाणू डासाच्या लाळेत उतरण्यास साधारण ८ ते १२ दिवस लागतात. त्यानंतर मात्र ती मादी आयुष्यभर रोग पसरवू शकते. रक्त पिताना कोणी हात हलविला तर ती उडून दुसऱ्याला चावते, आणि एकाच घरातील अनेक जण आजारी पडू शकतात.

हंगाम संपल्यावर कूलर गच्चीवर किंवा माळ्यावर ठेवण्यापूर्वी त्याची टाकी घासून, पुसून, उन्हात वाळवावी आणि बाजूंचे वाळ्याचे किंवा गवताचे जुने पडदे पुन्हा न वापरता नष्ट करावेत. टाकीच्या भिंतीला अंडी चिकटून राहिली, तर पुढील मार्चमध्ये तीत पाणी भरताच त्यातून अळ्या बाहेर येऊ शकतात.