बीबीसीचा छोटा स्पीकर: ओळख आणि डागडुजी

बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीत मोठे स्पीकर मावत नसत, म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात ‘एलएस३/५ए’ हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर घडवला. बनवण्याचे परवाने रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ वगैरे कंपन्यांना दिले गेले, त्यामुळे पाट्या वेगवेगळ्या दिसतात. खरी ओळख पुढची जाळी काढल्यावर पटते: केफ कंपनीचा टी२७ ट्वीटर, त्याभोवती फेल्टची चौकट आणि खाली बी११० वूफर. १५ ओहमची आवृत्ती जुनी, ११ ओहमची १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातली. जोडीचे क्रमांक जुळतात का, तेही बघावे.

बी११०ची कड फोमची नसल्याने सहसा कुजत नाही. फेल्ट गळाले असेल तर त्याच जाडीचे लावावे; ते निव्वळ शोभेचे नाही, खोक्याच्या कडांवरून परतणारा आवाज ते शोषते. खरा मोह क्रॉसओव्हरमध्ये असतो. तिथले कपॅसिटर सरसकट बदलून ‘भारी’ बसवण्याची हौस मला तरी उधळपट्टी वाटते. आधी मोजावेत, बिघडलेलेच बदलावेत, तेही मूळ मूल्याचे आणि दोन्ही खोक्यांत सारखे. ट्वीटरची पातळी कारखान्यात जुळवलेली असते, म्हणून क्रॉसओव्हरमधल्या तारांच्या जोडण्या सोडवण्यापूर्वी फोटो काढून ठेवावा.