डीएनएस लॉग : काय गाळायचं, काय ठेवायचं?

तुम्ही घरी किंवा लॅबमध्ये डीएनएस सर्व्हर चालवून पाहिला असेल, तर हा अनुभव आला असेलच: लॉग फाइल उघडावी, तर एकाच छापाच्या शेकडो ओळी. बर्कलीत १९८०च्या दशकात जन्मलेल्या बाइंडमध्ये त्यातल्या बऱ्याच 'लेम सर्व्हर'च्या असतात. म्हणजे ज्या सर्व्हरकडे एखाद्या डोमेनची जबाबदारी दिलीय, तो तिचं अधिकृत उत्तरच देत नाही. चूक दुसऱ्याची, डोकेदुखी तुमची!

यावर बाइंडमध्ये सोपा उपाय आहे. प्रत्येक संदेशाची एक 'कॅटेगरी' असते आणि तो कुठे जाणार हे 'चॅनल' ठरवतं. लेम-सर्व्हर्स ही कॅटेगरी 'नल' चॅनलला जोडली, की तो गोंगाट बंद.

मग सगळ्यात जास्त जागा खाणारी 'क्वेरीज' कॅटेगरीही नलमध्ये टाकायची का? थांबा. आधी २०२० आठवा.

१३ डिसेंबर २०२० रोजी फायरआय कंपनीने जाहीर केलं, की टेक्सासमधल्या सोलारविंड्सच्या ओरायन सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच घुसखोरांचा कोड होता. हे अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचलं होतं. हा कोड साधारण दोन आठवडे गप्प बसायचा आणि मग एक साधी वाटणारी डीएनएस क्वेरी पाठवायचा. त्या लांबलचक सबडोमेनमध्ये संस्थेच्या अंतर्गत डोमेनचं नाव सांकेतिक रूपात दडलेलं असे. उत्तरात विशिष्ट सीनेम आला, तर समजायचं की घुसखोर पुढच्या टप्प्यावर गेलेत.

म्हणजे 'आमच्याकडून तशी क्वेरी गेली होती का?' याचं उत्तर डीएनएस लॉगमध्ये होतं. पण दूषित अपडेट्स मार्चपासूनची, आणि बातमी फुटली डिसेंबरात. महिनाभराचेच लॉग ठेवणाऱ्यांनी काय शोधायचं? ऑगस्ट २०२१मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने केंद्रीय खात्यांना नियमच घालून दिला: महत्त्वाचे लॉग १२ महिने हाताशी आणि पुढे १८ महिने साठवणीत ठेवा.

तेव्हा क्वेरी लॉग फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये वळवा. चॅनलला 'साइज' आणि 'व्हर्जन्स'ची मर्यादा द्या, म्हणजे डिस्क भरणार नाही. जुन्या फाइल्स पुसल्या जाण्याआधी दाबून दुसरीकडे हलवा. उत्तरंही हवी असतील, तर डीएनएसटॅप वापरा. आणि हो, कोण कुठली साइट उघडतो हे या लॉगमध्ये दिसतं. रूममेट्सना आधीच सांगा.