गाय बरी झाली, पण कशाने?

जनावरांच्या चिकित्सेतून 34 औषधे हद्दपार करण्याची तजवीज असलेला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा मसुदा 2025 च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः त्यातील 15 प्रतिजैविकांची. परंतु त्याच यादीत विषाणुरोधक औषधे 18 आहेत, आणि पावसाळ्याबरोबर लम्पी पुन्हा गोठ्यात शिरली की ‘डॉक्टरसाहेब, ह्याच्यावर औषध म्हणून काहीच नाही का?’ असे काकुळतीला येऊन विचारणाऱ्या पशुपालकाच्या दृष्टीने हा दुसरा भागच अधिक विचार करण्याजोगा आहे. युरोपीय संघाने 2022 साली केलेल्या यादीच्या धर्तीवर आलेल्या या मसुद्याच्या हेतूशी भांडण करण्याचे कारण नाही. बर्ड फ्लूच्या भयाने चीनमधील कुक्कुटपालक कोंबड्यांना अमांटाडीन हे माणसांचे स्वस्त औषध चारत होते, असे 2005 साली उघडकीस आले, आणि तोवर त्या विषाणूच्या कित्येक वाणांपुढे ते औषध निकामी झालेले होते. असला अनुभव गाठीशी असता मनाई करणे शहाणपणाचेच आहे. आमची तक्रार निराळी आहे: मनाईची यादी लिहिण्यात जी तत्परता दिसते, तिच्या चतुर्थांशानेही ‘यांपैकी गाईला कशाने गुण येतो’ हे तपासण्यात ती दिसत नाही.

त्या 18 नावांतील एका नावापाशी मात्र वाचकाने क्षणभर थांबावे. ते नाव मेटिसाझोन. 1963 साली मद्रासेत देवीची साथ चालू असता डॉ. बॉअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांच्या सहवासात आलेल्या 1101 माणसांना हे औषध दिले, तेव्हा त्यांपैकी अवघ्या तिघांना देवी आल्या. औषध न मिळालेल्या 1126 जणांपैकी 78 जणांना त्या आल्या. विषाणूवर कोणतेही औषध लागू पडत नाही अशी वैद्यकशास्त्राची जवळजवळ श्रद्धाच होती, त्या काळात हे आकडे केवढे दीपवणारे वाटले असतील! पण पुढे अधिक काटेकोर चाचण्या झाल्या आणि त्यांत तो झगमगाट उतरला. शिवाय औषध पोटात ठरत नसे, लोकांना ओकाऱ्या होत. देवीचे उच्चाटन अखेर लशीने केले आणि मेटिसाझोन अडगळीत गेले. आता लम्पीचा विषाणूही देवीच्याच, म्हणजे पॉक्स विषाणूंच्या, कुळातला आहे. तेव्हा ज्या एका औषधाला या कुळाशी झुंजल्याचा भारतीय भूमीवरचा पूर्वेतिहास आहे, तेच गाईच्या वाटेवरून अधिकृतपणे बाजूला काढले जात आहे, हा योग मौजेचा म्हणावा लागेल. अर्थात मेटिसाझोन परत आणा असे आमचे म्हणणे नाही. मद्रासच्या त्या आकड्यांपासून घ्यावयाचा धडा औषधाचा नव्हे, तुलनेचा आहे.

लम्पी झालेले जनावर ज्याने जवळून पाहिले आहे त्यास हे चटकन पटेल. ताप 40-41 अंशांवर चढतो, डोळ्यांतून व नाकातून पाणी गळते, पायांवर आणि मानेखालच्या पोळीवर सूज येते, आणि दोनएक दिवसांत मान, पाठ, कास यांवर दोन ते पाच सेंटीमीटरच्या घट्ट गाठी उठतात, ज्यांतील काहींची खपली सुटली म्हणजे खाली लालभडक खोल व्रण उघडा पडतो आणि माशा तेथून हटत नाहीत. रूप इतके भयंकर, आणि तरीही या रोगातील मृत्यूचे प्रमाण सामान्यतः शेकडा 1 ते 5 मानले जाते. 2022 ची साथ त्याहून क्रूर ठरली हे मान्य करूनही, बहुसंख्य जनावरे काही आठवड्यांत आपल्याच बळावर उठतात हे सत्य उरतेच. आणि ज्या रोगात बहुतेक रोगी आपोआप बरे होतात, त्या रोगात गोठ्यागणिक एक रामबाण उपाय निपजावा यात नवल नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसृत केलेला विड्याची 10 पाने, 10 ग्रॅम मिरी, 10 ग्रॅम मीठ आणि गूळ यांचा गोळा पहिल्या दिवशी दर तीन तासांनी व पुढे दोन आठवडे दिवसातून तीनदा द्यावयाचा असतो; त्याने अपाय होत नाही, जनावराच्या तोंडाला चव येत असेल, परंतु ते दोन आठवडे पुरे होईपर्यंत निसर्गानेही आपले काम बरेचसे उरकलेले असते. श्रेय कोणाच्या खात्यावर जमा करावयाचे?

आयव्हरमेक्टिनची कथाही याच वळणाची आहे. तुर्कस्तानातील संशोधकांनी 2022 साली प्रयोगशाळेतील पेशींत हे औषध लम्पीच्या विषाणूची वाढ रोखते असे दाखवले, परंतु काचपात्रातील पेशी आणि चारशे किलोची गाय यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तशात आयव्हरमेक्टिन गोचिडांवर चालते, आणि गोचिडे, डास व चावऱ्या माशा हेच लम्पीचे वाहक. म्हणजे टोचलेल्या कळपात रोग कमी पसरला तरी विषाणू मेला की गोचीड मेली, हे नुसत्या डोळ्यांना कळावयाचे नाही. उलट दुधात आणि शेणात उतरणारे या औषधाचे अवशेष, व त्यापायी मरणारे शेणातील किडे, हा हिशेब निराळाच.

तुलनेशिवाय केवढी फसगत होऊ शकते याचे अलीकडचे उत्कृष्ट उदाहरण माणसांच्या वैद्यकातले आहे, आणि तेही पॉक्स कुळातलेच. देवीवरील औषध म्हणून 2018 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टेकोव्हिरिमॅट हे औषध काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात एमपॉक्सच्या रोग्यांवर अजमावण्यात आले. निम्म्यांना खरे औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. निष्कर्ष 2024 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. चाचणीतील मृत्यू शेकडा 1.7, जेव्हा देशातील एरवीचे प्रमाण शेकडा 3.6 किंवा त्याहूनही अधिक होते! पोकळ गोळ्यांचा गट ठेवला नसता तर या विजयाचे नगारे जगभर वाजले असते. परंतु ते प्रमाण दोन्ही गटांत खालीच होते, आणि औषधाने व्रण लवकर भरल्याचेही दिसले नाही. माणसे वाचली ती रुग्णालयात दाखल करून घेतल्यामुळे, वेळेवर मिळालेल्या अन्नपाण्यामुळे आणि शुश्रूषेमुळे. लम्पीच्या गोठ्यात व्रण धुणे, त्यांत किडे पडू न देणे आणि ताप उतरवणे हीच कामे डॉक्टरसाहेब करतात, म्हणजे नव्या औषधाच्या चिमटीभर गुणाला या शुश्रूषेच्या ढीगभर गुणातून वेगळे काढावे लागणार आहे.

गाईंवर अशा रीतसर चाचण्या मुळीच झाल्या नाहीत असे नाही. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठात विषाणुजन्य अतिसारावर एक संयुग मोजक्या वासरांना देण्यात आले; संसर्गाच्या वेळी ज्यांना ते दिले त्यांचा बचाव झाला, पण जी जन्मापासून विषाणू बाळगून होती त्यांच्या शरीरात तो थोडे दिवस दबला आणि लगेच औषधाला न जुमानणारा वाण वर आला. लाळ्या खुरकूतवर जपानमध्ये फॅविपिराविर या माणसांच्या विषाणुरोधकाचे भावंड असलेले एक संयुग डुकरांना देऊन आशादायक फळ मिळाले; तथापि गाईला पोटातून औषध देणे म्हणजे ते आधी कोठीपोटातील जंतूंच्या हवाली करणे. आणि किंमत? 2020 च्या जूनमध्ये फॅविपिराविरची 200 मिलिग्रॅमची गोळी 103 रुपयांना निघाली होती, आणि माणसाच्या चौदा दिवसांच्या मात्रेस 122 गोळ्या, म्हणजे साडेबारा हजार रुपये लागत. वजनाच्या प्रमाणात गाईचा हिशेब पाऊण लाखाच्या पुढे जातो.

मग लस असता हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. बुळकांडी या गुरांच्या साथरोगाच्या संशोधनासाठी 1889 साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झालेली प्रयोगशाळा पुढे मुक्तेश्वरला गेली, आणि 2011 साली जगातून बुळकांडी नाहीशी झाली ती लशीच्याच बळावर, हे खरे. परंतु लम्पीची लस टोचल्यापासून प्रतिकारशक्ती उभी राहण्यास साधारण तीन आठवडे लागतात, आणि साथ त्या तीन आठवड्यांतच गाव उलथेपालथे करते. ही खिंड लढवण्यासाठीच विषाणुरोधक हवे. अमेरिकेच्या प्लम आयलंडवरील प्रयोगांत शरीरात इंटरफेरॉन हे विषाणूला रोखणारे प्रथिन तयार करणारी सुई टोचल्यावर डुकरांना एका दिवसात लाळ्या खुरकूतपासून संरक्षण मिळाले, ते याच विचाराने. पाश्चात्त्य देशांना या वाटेची निकड नाही. ब्रिटनने 2001 च्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारून प्रश्न निकालात काढला. आपल्याकडे तो मार्ग कायद्याने, श्रद्धेने आणि चारदोन जनावरांवर प्रपंच चालवणाऱ्या कुटुंबांच्या हलाखीने बंद आहे; म्हणून जनावरांच्या विषाणुरोधकांची कठोर परीक्षा जगात कोठे व्हावयाची असेल तर ती येथेच व्हावयास हवी.

अडचण शास्त्राची नाही, दावणीची आहे. चिठ्ठी टाकून एका गाईला औषध आणि शेजारच्या गाईला नुसते मिठाचे पाणी टोचायचे, शुश्रूषा दोघींची सारखीच करायची, आणि गाठी मोजणाऱ्याला कोणती कोणत्या गटात हे कळू द्यायचे नाही, ही गोष्ट कोणता पशुपालक आपल्या एकुलत्या एक दुभत्या जनावरावर होऊ देईल? यावर उपाय सरकारच्याच दप्तरात आहे. 2022 साली राज्य शासनाने लम्पीने दगावलेल्या गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये दिले होते. चाचणीत सामील होणाऱ्या प्रत्येक जनावरासाठी, मग त्याची चिठ्ठी कोणत्याही गटाची निघो, ही हमी आणि औषधाच्या मुदतीत ओतून द्याव्या लागणाऱ्या दुधाची किंमत आधी लेखी द्यावी. प्राण्यांवरील प्रयोगांची परवानगी मात्र उन्हाळ्यातच पदरात हवी; साथ आल्यावर कागद टेबलांवरून फिरू लागले, तर ते परत येईपर्यंत गाठींच्या खपल्या पडून गेलेल्या असतात.