चहाचे जुने डबे

मुंबईच्या चोरबाजारांत मटन स्ट्रीटवरून फिरतांना ग्रामोफोनचे कर्णे, काचेचे दिवे आणि सिनेमांचीं जुनीं भित्तिपत्रकें यांच्या गर्दींत चहाचा एखादा पत्र्याचा डबा हटकून दृष्टीस पडतो. बहुतेकांची नजर त्यावरून सहज सरकून जाते. संग्राहकाचा पाय मात्र तेथेंच अडखळतो.

या डब्याचा जन्म इंग्लंडांतील एका गरजेंतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें चहा सुटा विकला जाई आणि त्यांत भेसळ फार चाले. एकदां वापरलेलीं पानें वाळवून, रंगवून पुन्हां विकण्यापर्यंत मजल गेली होती. 1826 सालीं जॉन हॉर्निमन यांनीं आधींच वजन करून बंद केलेल्या पुड्यांतून चहा विकण्यास प्रारंभ केला. माल बंद झाला कीं गिऱ्हाइकाला तो पाहतां येत नाहीं; त्याचा विश्वास बसतो तो वेष्टनावर. म्हणून वेष्टनाचें महत्त्व वाढत गेलें.

पत्र्यावर रंगीत चित्र छापणें मात्र सोपें नव्हतें. शिळाछापाचा दगड कठीण आणि पत्राहि कठीण; त्यामुळें ठसा नीट उठत नसे. 1875 सालीं रॉबर्ट बार्क्ले यांनीं या दोहोंमध्यें जाड कागदाचें आवरण असलेला एक रूळ घातला. दगडावरील चित्र प्रथम रुळावर व तेथून पत्र्यावर उतरूं लागलें. कागदाच्या छपाईंत हीच युक्ति पुढें विसाव्या शतकांत रुळली; म्हणजे या बाबतींत डबा पुस्तकाच्या पुढें होता! पुढें लंडनच्या ‘मझावाटी’ चहाची चष्मा लावलेली आजी आणि तशीच चष्मा लावलेली नात डब्याडब्यांवरून घरोघर पोहोंचली. त्या नांवांतील ‘मझा’ म्हणजे आपली ‘मजा’च; उरलेला शब्द सिंहली असून त्याचा अर्थ बाग.

डब्याचें वय त्याच्यावरील अक्षरांतच दडलेलें असतें. भारतीय डब्यावर किंमत आण्यांत असेल, तर तो सामान्यतः 1957 मध्यें नवे पैसे येण्यापूर्वींचा. वजन पौंडांत असेल, तरीहि तो जुनाच. दशमान वजनें 1958 पासून टप्प्याटप्प्यानें आलीं. पत्त्यांत सहा आंकडी पिन असेल, तर डबा 1972 पूर्वींचा असूंच शकत नाहीं. लंडनच्या पत्त्यांत ‘ई. सी.’ या अक्षरांपुढें आंकडा असल्यास तो 1917 किंवा त्यानंतरचा. ‘सिलोन’ हा शब्द मात्र फसवा आहे. देशाचें नांव 1972 सालीं श्रीलंका झालें, तरी तेथील चहा आजहि जुन्याच नांवानें विकला जातो. शिवाय नकली डब्यांवर जुना मजकूर जसाच्या तसा उतरविलेला असतो. अशा वेळीं भिंग उपयोगीं पडतें: चार रंगांच्या नियमित ठिपक्यांची जाळी दिसली, तर छपाई बहुधा अलीकडची. अस्सल डब्यावर झीजहि सर्वत्र सारखी नसते. झांकणाच्या कडेला, जेथें रोज बोटें लागत, तेथें रंग अधिक उडालेला असतो.

परंतु नकली डबा घेतल्यानें पैसेच जातात. अस्सल डबा घांसल्यानें डबाच जातो. हा पत्रा मूळचा लोखंडी, वर कथलाचा पातळ थर. घरांतील पितळी भांड्यांच्या कल्हईसारखाच. हा थर एकदां खरवडला, कीं उघडें पडलेलें लोखंड अधिकच वेगानें गंजूं लागतें. तेव्हां काथ्या, चिंच, लिंबू यांपैकीं कांहींएक त्यावर चालवूं नये. मऊ कोरड्या फडक्यानें धूळ टिपावी, डबा दमट भिंतीपासून दूर ठेवावा, एवढें पुरे.

चहा संपल्यावर हे डबे स्वयंपाकघरांत जात आणि कित्येक वर्षें तेथेंच राहत. त्यामुळें एखाद्या डब्याचें झांकण उघडतांच हिंगाचा वास येतो. एखाद्यावर कागदाची चिठ्ठी डकविलेली असते आणि तिच्यावर पेन्सिलीनें ‘मोहरी’ असें लिहिलेलें असतें. डबा साफ दिसावा म्हणून दुकानदार ती खरडूं लागतो. जाणतें गिऱ्हाईक त्याचा हात थांबवून डबा तसाच कागदांत गुंडाळून मागतें.